गावची वस्तीची एसटी बंद झाली. मुंबई मंडळाने इको घेऊन द्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव महामार्गावरच्या फाट्यापासून 9 किलोमीटर आत, तालुका 22 किलोमीटरवर. वस्तीची एसटी, म्हणजे रात्री गावात मुक्काम करून सकाळी सुटणारी, संपात बंद झाली ती परत आलीच नाही. गावात बहुतेक म्हातारी माणसं आणि तालुक्याच्या हायस्कूलला जाणारी थोडी मुलं. मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाकडे वर्गणी जमली आहे आणि ‘एक इको (मारुतीची प्रवासी व्हॅन) घेऊन गावाला देऊन टाकू’ असं सभेत जवळजवळ ठरलंय. घ्यावी का?

घेऊ नका. गाडी विकत घेणं हा यातला सोपा भाग आहे, ती रोज चालवणं अवघड. सभेत किंमत कळते, चालवण्याचा खर्च कोणी मांडत नाही. तो मांडून बघा. गाव ते फाटा जाऊन-येऊन 18 किलोमीटर, दिवसाला चार खेपा, म्हणजे 72 किलोमीटर. चढ-उतार आणि भरलेली गाडी धरून लिटरला 14 किलोमीटर, पेट्रोल 105 रुपये: 540 रुपये. ड्रायव्हर 500 रुपये रोज. यापेक्षा कमीत माणूस टिकत नाही, पेरणीच्या दिवसांत तर नाहीच. टायर, ऑइल, ब्रेक, क्लच याला किलोमीटरमागे अडीच रुपये धरले तर 180. विमा, कर, फिटनेस, परवाना मिळून वर्षाला 60,000 धरले आणि गाडी वर्षात 300 दिवस चालली, तर दिवसाला 200. बेरीज 1,420.

आता उत्पन्न. सहा प्रवासी, माणशी 30 रुपये, जाता-येता आठ फेऱ्या. प्रत्येक फेरीला प्रत्येक सीट भरली तर 1,440. म्हणजे सगळं मनासारखं झालं तरी दिवसाला वीस रुपये उरतात, आणि तसं कधी होत नाही. सकाळी गावातून भरून गेलेली गाडी रिकामी परत येते, संध्याकाळी उलट. निम्म्या सीटचेच पैसे येतील असं धरा: 720. रोजचा तोटा 700, वर्षाला 2,10,000. यात गाडीची किंमत नाही. मंडळाची वर्गणी दरवर्षी एवढी जमते का, हे तुमच्या खजिनदारांना विचारा. माझे आकडे पटत नसतील तर तुमच्याकडचे घाला, पण सीट भरण्याचं प्रमाण निम्म्याच्या वर धरू नका.

दुसरी अडचण कायद्याची. पांढऱ्या पाटीच्या, म्हणजे खासगी नोंदणीच्या गाडीतून भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे परवाना लागतो, विनापरवाना वाहतुकीला कलम 192-अ लागतं. पिवळी पाटी करून परवाना घेतला तरी तो कंत्राटी वाहतुकीचा असतो: एकाने पूर्ण गाडी ठरवायची आणि जायचं. वाटेत थांबत, प्रत्येकाकडून सुटं भाडं घेत जाणं ही टप्पा वाहतूक झाली आणि ग्रामीण महाराष्ट्रात तो हक्क एसटीचा आहे. सगळीकडे वडाप (सीटमागे भाडं घेणाऱ्या खासगी गाड्या) चालतंच की, असं सभेत कोणीतरी म्हणेलच. चालतं, अपघात होईपर्यंत. खासगी विम्याच्या गाडीत पैसे देऊन बसलेली माणसं जखमी झाली की विमा कंपनी हात वर करते, किंवा भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करते. मालक कोण? मंडळ नोंदणीकृत असेल तर मंडळ, आणि नोटीस येते विश्वस्तांना. नोंदणी नसेल तर ज्याच्या नावावर गाडी आहे तो एकटा. लालबागला किंवा दिव्याला राहणाऱ्या माणसाने गावात चालणाऱ्या गाडीची ही जबाबदारी का घ्यावी?

म्हणून आधी एसटीच्या मागे लागा. तिथे म्हाताऱ्यांचे पैसेही वाचतात. 26 ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना प्रवास मोफत आहे, 65 ते 75 ला निम्मं तिकीट, आणि 17 मार्च 2023 पासून सगळ्या बायकांना निम्मं. तुमचे 22 किलोमीटर म्हणजे सहा किलोमीटरचे चार टप्पे, साध्या गाडीला चाळीसेक रुपये. आजीला त्याचे वीस किंवा शून्य. मंडळाच्या इकोत तिला फाट्यापर्यंतचेच तीस मोजावे लागतील, पुढचं तिकीट वेगळं.

गाडी बंद का झाली हे अंदाजाने ठरवू नका. ‘डेपोवाले ऐकत नाहीत’ हे कारण नव्हे. करोनाच्या टाळेबंदीत आणि 2021-22 च्या संपात थांबलेल्या अनेक ग्रामीण फेऱ्या परत आल्या नाहीत, कारण मधल्या काळात आगारातल्या गाड्या आणि चालक कमी झाले, आणि ज्या गावांनी मागणी लावून धरली तिकडे उरलेल्या गाड्या गेल्या. माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज करून आगाराकडे तीन गोष्टी मागा: तुमच्या फेरीचं बंद होण्याआधीच्या बारा महिन्यांचं भारमान (किती टक्के सीट भरल्या), प्रति किलोमीटर उत्पन्न आणि रद्द झालेल्या फेऱ्यांची संख्या. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. भारमान कमी आणि रद्द फेऱ्या जास्त, असं निघालं तर तो मुद्दा तुमच्या बाजूचा आहे: जी गाडी आठवड्यातून दोनदा येत नाही तिच्यावर कोणी विसंबत नाही, मग ती रिकामीच धावणार.

त्याच काळात गावातल्या कोणाला तरी एक आठवडाभर फाट्यावर वही घेऊन बसवा. कोण, कुठे, कोणत्या वारी, किती वाजता गेलं आणि कधी परतलं, एवढंच लिहायचं. ‘एसटी हवी का?’ असं घरोघर विचारू नका, सगळे हो म्हणतात. गणपतीत किंवा शिमग्यात मोजणी करू नका, तेव्हा अर्धी मुंबई गावात असते. वहीतून बहुतेक हेच निघेल की गाडी सकाळी सात-साडेसातला तालुक्याकडे आणि शाळा सुटल्यावर परत अशी हवी, शिवाय बाजाराच्या वारी दुपारची एक. इथे मंडळातल्या चाकरमान्यांना एक कडू गोष्ट सांगायला हवी. सभेत हमखास मागणी येते ती मुंबईच्या रेल्वेला जोडून गाडी मिळावी अशी. ती सोडा. तुम्ही वर्षातून तीनदा येणार. त्या वेळेवर लावलेली गाडी उरलेले साडेतीनशे दिवस रिकामी धावते आणि पुन्हा बंद होते.

अर्ज एप्रिलमध्येच द्या. शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात आणि आगाराचं वेळापत्रक त्याआधी बसवलं जातं. जुलैत गेलात तर ‘पुढच्या वर्षी बघू’ ऐकून याल. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल, वहीतला गोषवारा आणि हायस्कूलच्या मुख्याध्यापकांचं पत्र: तुमच्या गावातून आणि वाटेवरच्या वाड्यांतून किती मुलं-मुली येतात, त्यांतल्या किती पास काढतील. या पत्राचं वजन बाकी सगळ्या कागदांपेक्षा जास्त, कारण पासवाली मुलं म्हणजे रोजचे ठरलेले प्रवासी. मूळ अर्ज आगार व्यवस्थापकांना, प्रत विभाग नियंत्रकांना, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का. मुंबईच्या लेटरहेडवर मंडळाने परस्पर अर्ज करू नये. ग्रामपंचायतीने करावा, मंडळाने मागे राहून पाठपुरावा करावा.

मग रस्त्याची पाहणी होते, आणि बहुतेक गावं इथेच अडतात. साधी बस अकरा मीटरच्या आसपास लांब. ती एका फेरीत वळायला चोवीस-पंचवीस मीटरची मोकळी जागा लागते. तेवढी नसेल तर मागे-पुढे करून वळवण्यासारखा तिठा तरी हवा, आणि तिथे रात्री कोणाचा ट्रॅक्टर किंवा चिऱ्यांचा ढीग नको. रस्त्यावर वाकलेल्या फांद्या आणि लोंबत्या केबल साडेचार मीटरपर्यंत मोकळ्या करा. एकपदरी रस्त्यावर समोरून डंपर आला तर बाजू द्यायला ठरावीक अंतरावर जागा हव्यात. साइडपट्टी मातीची आणि खचलेली असेल तर चालक गाडी खाली उतरवत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. वाटेत साकव (ओढ्यावरचा छोटा पूल) असेल तर तो बसचं वजन पेलतो असं जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपअभियंत्यांचं लेखी पत्र आधीच मिळवा. पाहणीच्या दिवशी ‘पेलतो हो, डंपर जातात’ हे चालत नाही. गणपतीत गटआरक्षणाची एसटी थेट वाडीपर्यंत आली असेल तर ती तारीख अर्जात जरूर घाला, रस्ता बसचा आहे याचा तो सरळ पुरावा.

मंडळाची वर्गणी खरी उपयोगाला येते ती या ठिकाणी. वळण्याच्या जागेत जांभा-खडी टाकून रोलर फिरवा, फांद्या तोडा, थांब्याला पत्र्याची शेड घाला. वस्तीची गाडी हवी असेल तर चालक-वाहकांना झोपायला खोली द्या: दार लागणारी, पंखा, दोन खाटा, मच्छरदाण्या, पाणी आणि जवळ संडास. शाळेच्या व्हरांड्यात किंवा देवळात झोपवलेले कर्मचारी ती ड्युटी टाळायला बघतात, आणि मग ‘गाडी नादुरुस्त’ ची पाटी लागते. वस्तीच्या गाडीचा फायदा असा की ती सकाळी गावातूनच सुटते. आगारातून पहाटे रिकामी यावी लागत नाही, म्हणून आगारालाही परवडते.

गाडी सुरू झाली की पहिले तीन महिने डोळ्यांत तेल घालून बघायचे. मोफतवाल्यांनीसुद्धा तिकीट मागून घ्यायचं, शून्य रुपयांचं. कंडक्टरने ‘राहू दे आजी’ म्हटलं तरी घ्यायचं, कारण यंत्रात नोंद झाली नाही तर आगाराच्या कागदावर ती सीट रिकामी, आणि सवलतीची रक्कम महामंडळाला सरकारकडून मिळते ती त्याच नोंदीवर. दुसरा धोका एसटीच्या पाच मिनिटं पुढे निघणाऱ्या वडापचा. तो गावातलाच कोणीतरी असतो, त्यामुळे कोणी बोलत नाही. त्याच्याशी भांडू नका, एसटी नसलेल्या वेळा त्याला ठरवून द्या. तिसरं, जूनमध्ये दरड आली किंवा साकवावरून पाणी गेलं की गाडी फाट्यावरून फिरते. पावसाळा संपल्यावर ती आपोआप पुन्हा आत येईल असं समजू नका. रस्ता मोकळा झाल्याचं ग्रामपंचायतीचं पत्र ऑक्टोबरमध्येच आगारात पोचवा. आणि फेरी रद्द झाली की त्याच दिवशी वहीत तारीख लिहा. ‘गाडी कधी येतच नाही’ या तक्रारीला उत्तर मिळत नाही, तारखांच्या यादीला मिळतं.

एवढं करून एकच फेरी मिळाली, किंवा मिळायला वर्ष लागलं, तर मधली फट भरायला गाडी विकत घेण्याऐवजी ठरवा. गावात किंवा शेजारच्या वाडीत पिवळ्या पाटीची मॅजिक, मिनीडोर किंवा रिक्षा असतेच. मंडळाने तिच्या मालकाशी लेखी ठरवावं: बाजाराच्या वारी आणि दवाखान्याच्या वारी, दिवसाला दोन खेपा, पूर्ण गाडी, खेपेला 400 रुपये. वर्षाला 208 खेपा, 83,200 रुपये. पैसे मंडळाने महिन्याला एकरकमी द्यायचे, गाडीत कोणाकडून सुटं भाडं घ्यायचं नाही. मग ती खरोखर कंत्राटी वाहतूक होते. घरटी महिना शंभर रुपये गावातून जमवायचे का, ते ग्रामस्थांनी ठरवावं. मी तरी जमवा म्हणेन, अगदीच फुकट मिळालेल्या सोयीबद्दल कोणी तक्रारसुद्धा करत नाही. करारात परवाना, फिटनेस आणि प्रवाशांसह विम्याच्या प्रती जोडून घ्या, आणि त्या संपण्याच्या तारखा मंडळाच्या सचिवाच्या मोबाइलमध्ये टाका. रिक्षा ठरवली तर तीनच माणसं, चौथा ड्रायव्हरच्या बाजूला बसवायचा नाही.

वही नीट भरली असेल तर आणखी एक गोष्ट दिसेल: बऱ्याच म्हाताऱ्यांचा प्रवास फक्त पैसे काढायला असतो. त्यासाठी गाडीच नको. पोस्टमन आधार आणि बोटाच्या ठशावर कोणत्याही जोडलेल्या बँक खात्यातले पैसे घरी आणून देतो, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखलाही घरूनच होतो. तुमच्या शाखा डाकघरात यंत्र चालू आहे का ते बघा. नसेल तर त्याचा पाठपुरावा एसटीपेक्षा सोपा आहे.

रात्री-अपरात्रीच्या आजारपणासाठी इको हवी, असा मुद्दा सभेत शेवटी येतो आणि तिथे सगळे गप्प होतात. पण त्या इकोचा ड्रायव्हर रात्री दोनला उठेल का, आणि गाडीत पेट्रोल असेल का? 108 ची रुग्णवाहिका फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. गरोदर बाई आणि तान्ह्या बाळासाठी 102, ती दवाखान्यातून घरी परतही सोडते. उशीर होतो तो पत्ता सांगण्यात. गावाचं नाव तालुक्यात दोन ठिकाणी असतं, फोनवर माणूस घाबरलेला असतो. म्हणून तालुका, महामार्गावरचा फाटा, फाट्यापासूनचं अंतर, वळणावरची खूण आणि प्राथमिक आरोग्य केंद्राचं नाव एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून प्रत्येक घरात फोनजवळ चिकटवा. एका माणसाने टॉर्च घेऊन फाट्यावर उभं राहायचं. ज्या वाडीला पायवाटच आहे तिथे पट्ट्यांचं घडीचं स्ट्रेचर ठेवा आणि उचलणाऱ्या सहा जणांची नावं त्याच कागदावर लिहा. चौघे उचलतात, दोघे पायऱ्यांवर बदलायला लागतात.