वाचकांचे प्रश्न : हॅल, हॉटस्पर आणि फॉलस्टाफ

प्रश्न : शेक्सपिअरच्या ‘हेन्री चौथा, भाग १’मध्ये राजपुत्र हॅल सुरुवातीलाच सांगून टाकतो की आपली उनाडकी हे सोंग आहे. मग तो ढोंगी नाही का?

उत्तर : थोडाफार आहेच. पहिल्या अंकाच्या दुसऱ्या प्रवेशाच्या शेवटी तो म्हणतो, ढगांआडून निघालेला सूर्य जास्त नजरेत भरतो. सोबत्यांशी गद्यात बोलणारा हॅल एकटा पडताच पद्यात बोलू लागतो, हेही टिपून ठेवा. पण या एका स्वगतावर निकाल देऊन टाकला की दुसऱ्या अंकातला गुत्त्याचा प्रवेश (२.४) नुसता विनोदी वाटू लागतो. तिथे हॅल राजाचं, म्हणजे आपल्या बापाचं, सोंग घेतो आणि त्याचा लठ्ठ, उनाड सोबती जॅक फॉलस्टाफ राजपुत्राचं. ‘लठ्ठ जॅकला घालवलंत तर सारं जग घालवलंत,’ असं फॉलस्टाफ स्वतःला हाकलू नये म्हणून विनवतो. त्यावर हॅल : ‘घालवतो. घालवीन.’ पहिलं क्रियापद खेळातल्या राजाचं, दुसरं खरोखरीच्या भावी राजाचं. ही दोन वाक्यं एका दमात म्हटली की प्रवेशच वाया जातो.

प्रश्न : प्रतिष्ठेबद्दल लिहिताना फॉलस्टाफचं भाषण हेच नाटकाचं मत मानावं का?

उत्तर : मानू नका. परीक्षेतल्या उत्तरांत सर्वांत जास्त आढळणारी चूक हीच. प्रतिष्ठेने मोडलेला पाय सांधत नाही, ती म्हणजे नुसता शब्द, नुसती हवा, हे त्याचं बोलणं (५.१) बिनतोड वाटतं खरं. पण ४.२ शेजारी ठेवून पाहा. ऐपतदारांना पैसे घेऊन सोडून, तीनशेहून अधिक पौंड खिशात घालून त्याने दीडशे कंगाल भरती केलेले असतात, ५.३ मध्ये त्यांतले तीनही जिवंत उरलेले नाहीत. प्रतिष्ठेची टर उडवणाऱ्याच्या हिशेबाची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

दुसऱ्या टोकाला राजाविरुद्ध बंड करणारा सरदार हॉटस्पर. चंद्रावरूनसुद्धा प्रतिष्ठा खेचून आणण्याची त्याची भाषा (१.३) भव्य आहे, पण ती कुणाबरोबर वाटून घेणं त्याला सोसत नाही. हॅलचा मार्ग व्यापाऱ्याचा. ३.२ मध्ये तो बापाला सांगतो की हॉटस्पर हा माझा अडत्या आहे, माझ्यासाठी कीर्ती गोळा करतोय, हिशेब मी पुरता वसूल करीन. आणि लढाईत हॉटस्परला मारून वसूल करतोही. मग ५.४ मध्ये तेच श्रेय थापा मारणाऱ्या फॉलस्टाफला खुशाल घेऊ देतो! तिघांची तुलना करताना हा प्रसंग गाळू नये.

प्रश्न : हॉटस्पर आणि हॅल खरंच एका वयाचे होते?

उत्तर : मुळीच नाही. हॉटस्परचा जन्म १३६४चा, म्हणजे तो १३६७ साली जन्मलेल्या राजापेक्षाही, हॅलच्या बापापेक्षाही, मोठा. २१ जुलै १४०३ रोजी राजा आणि हॉटस्पर यांच्यात श्रूजबरीची लढाई झाली तेव्हा हॅल जेमतेम १६ वर्षांचा होता. पऱ्यांनी पाळण्यातच हॅल आणि हॉटस्पर यांची अदलाबदल केली असती तर, ही राजाची हळहळ (१.१) पटावी म्हणून नाटककाराने दोघांना समवयस्क केलं. हॉटस्पर हॅलच्या हातून मेला, हीसुद्धा नाटकातलीच गोष्ट. उलट त्या दिवशी हॅलच्याच चेहऱ्यात बाण घुसला आणि त्याचं टोक काढायला जॉन ब्रॅडमोर या शल्यवैद्याला खास हत्यार बनवावं लागलं. नाटकातला हॅल आपल्या जखमेला किरकोळ ओरखडा म्हणतो.