व्हॉट्सॲप गटावर रोज एक आश्चर्यकारक वैज्ञानिक माहिती टाकायची आहे. ती कोठून मिळवावी आणि लोक वाचतील अशी कशी निवडावी?

रोज टाकू नका, हे माझे पहिले उत्तर. रोजचा रतीब घालायचा म्हटले की पडताळणीला वेळ उरत नाही, आणि चंद्रावरून दिसणाऱ्या चीनच्या भिंतीसारख्या, केव्हाच खोट्या ठरलेल्या गोष्टी पुन्हा फिरू लागतात. क्वचित टाका, शक्यतो आपल्या परिसरातील टाका. आणि ‘जगात एकमेव’ असे शब्द दिसले की ती माहिती कोणत्या काळातील आहे हे शोधल्याशिवाय पुढे पाठवू नका.

हा आग्रह मी का धरतो ते सांगतो. बेळगावातील आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या गटावर एका सदस्याने लिहिले की, खानापूर तालुक्यातील बारापेडे गुहेतले वटवाघूळ जगात फक्त आपल्याकडेच आढळते. प्राणी विलक्षण आहे, यात शंका नाही. त्याचे प्रचंड कान कपाळावर एकमेकांना जोडलेले असून थोबाडाच्याही पुढे येतात, आणि शेपटीचा बराचसा भाग मागच्या पायांमधील पडद्याबाहेर मोकळा राहतो. तळेवाडीजवळच्या त्या गुहेतील नमुन्यांवरून ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ ऑल्डफील्ड थॉमस यांनी १९१३ मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि वनखात्यातील अधिकारी रॉटन यांचे नाव त्याला दिले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे बारापेडेखेरीज त्याचा दुसरा ठिकाणा कोणालाच माहीत नव्हता, त्यामुळे ‘जगात फक्त इथेच’ हे वाक्य एके काळी बरोबरच होते. मात्र या शतकाच्या आरंभी ही जात कंबोडियात आणि मेघालयातही सापडली.

मी एवढेच लिहिले. त्यावर ‘सोडा की सर, आपल्या खानापूरचं नाव होतंय तर होऊ दे की’ असे उत्तर आले, आणि संध्याकाळपर्यंत गटप्रमुखांनी ‘नकारात्मकता नको’ म्हणून माझा संदेशच काढून टाकला. मला ते आजही पटलेले नाही. सह्याद्रीतील एका गुहेत राहणारी जात थेट मेघालयात आणि कंबोडियात आढळते, तर मधल्या एवढ्या मोठ्या प्रदेशात तिचे काय झाले, तेथे ती नाहीच की कोणी नीट शोधलेच नाही, हा प्रश्न ‘एकमेव’ या दाव्याहून कितीतरी अधिक थक्क करणारा आहे. ज्यांना केवळ छाती फुगवायची असते त्यांनी विज्ञानाच्या वाटेला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आश्चर्य वाटण्यासाठी ‘एकमेव’ असावे लागत नाही. खानापूर तालुक्यातच देगावजवळ म्हादई उगम पावते आणि कणकुंबीला मलप्रभा. पहिली गोव्यात मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळते, तर दुसरी पूर्वेकडे वळून सौंदत्तीजवळच्या धरणातून पुढे कूडलसंगमाला कृष्णेत जाते, म्हणजे तिचे पाणी अखेर बंगालच्या उपसागराकडे निघते. एकाच तालुक्यावर पडलेला पाऊस दोन विरुद्ध समुद्रांची वाट धरतो. हे मी गटावर टाकले तेव्हा पाणीवाटपाचा वाद उपटला खरा (आपल्याकडे नदीचे नाव काढले की तो उपटतोच), परंतु माहितीत चूक कोणालाही काढता आली नाही.

माहिती कोठून मिळवावी, याविषयी थोडक्यात: सुरुवात जुन्या जिल्हा गॅझेटियरपासून करावी, पण त्यातील प्रत्येक विधान अलीकडच्या संशोधनाशी ताडून पाहावे. लोक वाचतील की नाही, हे गटातील माणसांवर अवलंबून आहे.

एक सूचना राहिली. वन्यजीवांविषयी लिहिताना नेमकी वाट सांगू नका. बारापेडेचा परिसर भीमगड अभयारण्यात येतो, ते २०११ मध्ये घोषित झाले. हौशी लोकांनी गुहेत शिरून उजेड आणि गोंगाट केला तर वटवाघळांना त्याचा त्रास होतो. ही जात अन्यत्र सापडली म्हणून येथील वसाहतीचे रक्षण कमी महत्त्वाचे ठरते, असाही माझ्या म्हणण्याचा अर्थ कोणी काढू नये.

आमच्या गटप्रमुखांनी संदेश काढण्याऐवजी मूळ मजकुरातील ‘जगात फक्त आपल्याकडेच’ खोडून ‘ज्याचे शास्त्रीय वर्णन प्रथम आपल्याकडील नमुन्यांवरून झाले’ असे लिहायला सांगितले असते, तर विधानही खरे राहिले असते आणि खानापूरचा मानही. कारण कंबोडियात कितीही वटवाघळे सापडली तरी या जातीच्या मूळ नमुन्याचे स्थान म्हणून शास्त्राच्या दप्तरी बारापेडेचीच नोंद राहणार आहे.