वाचकांचे प्रश्न: हातातला सागरी वायरलेस

या वेळचे सगळे प्रश्न एकाच वस्तूबद्दल आहेत: हातात धरून बोलायचा सागरी व्हीएचएफ (अति उच्च फ्रिक्वेन्सीच्या रेडिओ लहरींवर चालणारा) सेट. बंदरावर त्याला कोणी वायरलेस म्हणतो, कोणी वॉकीटॉकी. मोठ्या बोटीच्या केबिनमध्ये पक्का बसवलेला सेट २५ वॅटचा असतो, हा हातातला ५ ते ६ वॅटचा. बोट उलटली, केबिनमध्ये पाणी शिरले, इंजिनाबरोबर मोठी बॅटरीही गेली, तरी तो चालतो. म्हणून त्याची नीट ओळख हवी.

प्रश्न: सेटच्या खोक्यावर लांब पल्ल्याचे आकडे छापलेले आहेत. प्रत्यक्षात चार-पाच मैलांवरच्या होडीशीही बोलणे होत नाही. सेट खराब आहे की पॉवर कमी पडते? (मुरुडहून एक वाचक)

बहुधा दोन्ही नाही. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि समुद्राची पाठ वाकडी आहे. त्यामुळे पल्ला वॅटवर ठरण्याआधी उंचीवर ठरतो. हिशेब सोपा आहे. अँटेना पाण्यापासून किती मीटर उंच आहे ते बघा, त्या आकड्याचे वर्गमूळ काढा आणि २.२ ने गुणा. उत्तर सागरी मैलांत मिळते. दोन्ही बाजूंची उत्तरे मिळवली की तो पल्ल्याचा माथा.

होडीत उभे राहून सेट डोक्याजवळ धरला तर अँटेना पाण्यापासून अडीच मीटरवर येते, म्हणजे साडेतीन मैल. समोरचाही तसाच उभा असेल तर सात. दोघे कयाकमध्ये बसलेले असतील तर जेमतेम साडेचार. तोच सेट २५ मीटर उंच अँटेना असलेल्या जहाजाशी चौदा मैलांपर्यंत पोचू शकतो, आणि किनाऱ्यावर १०० मीटर उंचीवर अँटेना असेल तर पंचवीसपर्यंत. हे सगळे कागदावरचे कमाल आकडे. हातातल्या सेटची आखूड रबरी अँटेना बरीच शक्ती वाया घालवते, म्हणून निम्म्यावर भरवसा ठेवावा.

आता पल्ला कशाने घटतो ते. सेट कमरेला लटकवून खांद्यावरच्या माइकमधून बोललात, तर अँटेना खाली जाते आणि शरीरही लहरी अडवते. सेट आडवा किंवा तिरका धरला तरी तेच, कारण बाकी सगळ्यांच्या अँटेना उभ्या असतात. मोठ्या लाटांत होडी खळग्यात असताना बोलू नका, लाटेच्या माथ्यावर आलात की बटण दाबा. मधे डोंगर आला तर मैल मोजण्यात अर्थ नाही. करंजाच्या डोंगराआडून पलीकडच्या होडीला हाक ऐकू येत नसेल, तर सेट उघडून बघण्याआधी होडी थोडी मोकळ्या पाण्यात न्या.

आणि सेट १ वॅटवर तर राहिला नाही ना, हे आधी पाहा. पडद्यावर बारीक अक्षरात 'लो' दिसते. बंदरात जवळच्या होडीशी बोलायला १ वॅट पुरतो आणि तोच वापरावा. संकटात मात्र 'हाय'.

डोलकाठीवर वेगळी अँटेना लावून तिची केबल हातातल्या सेटला जोडता येते, फरक लगेच कळतो. केबल चांगली घ्या. स्वस्तातली बारीक आरजी-५८ दहा मीटर ओढली तर तेवढ्यातच साधारण २ डेसिबल, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त शक्ती, केबलमध्येच जिरते. रबरी अँटेना फेकू नका, होडी सोडायची वेळ आली तर तीच लागणार. अँटेना काढलेली असताना बोलायचे बटण चुकूनही दाबू नका. बाहेर न गेलेली शक्ती उलटी फिरते आणि आतला पॉवर ट्रान्झिस्टर जळू शकतो.

प्रश्न: चॅनेल १६ वर मदत मागायची म्हणजे नेमके काय बोलायचे? आणि मराठीत बोललो तर चालेल का? (अलिबाग तालुक्यातील एक तांडेल)

चॅनेल १६ म्हणजे १५६.८ मेगाहर्ट्झ. संकट, सुरक्षा आणि पहिली हाक यांसाठी ते जगभर राखलेले आहे. होडी किंवा माणूस थेट जिवाच्या धोक्यात असेल तर शब्द 'मेडे'. इंजिन बंद पडले, पण वारा शांत आहे आणि खडक लांब आहेत, तर 'पॅन-पॅन'. तीच बंद पडलेली होडी खडकाकडे ओढली जाऊ लागली, की मेडे. माणूस पाण्यात पडून दिसेनासा झाला, तर विचार करत बसू नका, मेडेच.

समजा होडीचे नाव जयलक्ष्मी आहे आणि ती खांदेरीच्या पश्चिमेला दोन मैलांवर आहे. बटण दाबा, एक सेकंद थांबा, तोंडापासून चार बोटांवर सेट धरून सावकाश बोला:

'मेडे, मेडे, मेडे. धिस इज जयलक्ष्मी, जयलक्ष्मी, जयलक्ष्मी. मेडे जयलक्ष्मी. माय पोझिशन: वन एट डिग्रीज, फोर टू डेसिमल थ्री मिनिट्स नॉर्थ, झीरो सेव्हन टू डिग्रीज, फोर सिक्स डेसिमल सेव्हन मिनिट्स ईस्ट. टू माइल्स वेस्ट ऑफ खांदेरी लाइट. टेकिंग वॉटर अँड सिंकिंग. रिक्वायर इमिजिएट असिस्टन्स. सिक्स पर्सन्स ऑन बोर्ड, ऑल इन लाइफजॅकेट्स. ओव्हर.'

होडीला कॉल साइन, म्हणजे परवान्यावरचे अक्षर-अंकी ओळखचिन्ह, असेल तर ते नावानंतर सांगा. मग बटण सोडा आणि ऐका. पुष्कळ जण घाबरून बटण दाबूनच ठेवतात, आणि दाबलेल्या बटणाला उत्तर ऐकू येत नाही. उत्तर आले नाही तर सेट 'हाय'वर आहे ना, अँटेना उभी आहे ना, हे पाहून तेच पुन्हा बोला.

क्रम असा ठेवण्यामागे कारण आहे. ठिकाण आधी सांगायचे. त्यानंतर सेट पाण्यात गेला तरी शोधणाऱ्याला कुठे यायचे ते कळलेले असते. ठिकाण दोन रीतींनी सांगावे, आकड्यांत आणि ओळखीच्या खुणेवरून. एक आकडा चुकला तर खूण सावरून घेते. खांदेरीच्या दीपगृहाला कान्होजी आंग्रे यांचे नाव आहे. आपल्या फेरीतल्या अशा खुणांची दोन्ही नावे पाठ ठेवा.

आकड्यांतली एक चूक फार महाग पडते. काही मोबाइल ॲप ठिकाण १८.७०५ अंश असे दाखवतात. तेच सागरी पद्धतीत १८ अंश ४२.३ मिनिटे होते. घाईत कोणी '१८ अंश ४२ मिनिटे' हे '१८.४२ अंश' असे सांगितले, तर शोध सुमारे सतरा मैल दक्षिणेला सुरू होईल. ॲपच्या किंवा जीपीएसच्या सेटिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटे ही पद्धत आजच निवडून ठेवा.

भाषेबद्दल: 'मेडे' हा शब्द आणि आकडे इंग्रजीत ठेवा. जवळून जाणाऱ्या मालवाहू जहाजावरचा अधिकारी फिलिपिन्सचा असू शकतो किंवा युक्रेनचा, त्याला तेवढेच कळेल. एकदा इंग्रजीत सांगून झाले की तीच माहिती मराठीत सांगा. बहुतेक वेळा सगळ्यात जवळ दुसरी मच्छीमार बोटच असते आणि ती सर्वांत आधी पोचू शकते. हा मजकूर होडीच्या नावासह जाड अक्षरात लिहून, प्लास्टिकमध्ये घालून सुकाणूजवळ चिकटवा. ठिकाणाची जागा कोरी ठेवा. तांडेल स्वतःच पाण्यात पडला तर सर्वांत धाकट्या खलाशालाही तो वाचता आला पाहिजे.

दुसऱ्याचा मेडे ऐकू आला तर मधे बोलू नका. वेळ आणि ठिकाण लिहून घ्या. किनाऱ्यावरून किंवा जहाजावरून कोणी उत्तर देत नाही असे दिसले, तर 'मेडे रिले' तीनदा म्हणून त्याचा निरोप त्याच्याच नावाने पुढे द्या.

प्रश्न: किनाऱ्यापासून बऱ्याच अंतरापर्यंत मोबाइलला रेंज असते. मग वायरलेसचा खर्च कशाला? (रत्नागिरी)

मोबाइल ठेवाच. तटरक्षक दलाचा संकटाचा क्रमांक १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ त्यात साठवून ठेवा. पण फोन एकालाच लागतो. चॅनेल १६ वरची हाक टापूतल्या प्रत्येक चालू सेटवर एकाच वेळी वाजते, शेजारी कोणती बोट आहे हे तुम्हाला ठाऊक असण्याची गरज नाही. शिवाय दिशाशोधक यंत्र असलेले जहाज किंवा हेलिकॉप्टर तुमच्या आवाजाच्या रोखाने येऊ शकते. ओल्या बोटांनी टचस्क्रीन चालत नाही हेही विसरू नका.

प्रश्न: सेटमधून सतत खरखर येते. ती घालवली की जवळच्या बोटीही ऐकू येत नाहीत. शिवाय कधी कधी चॅनेल १६ मिनिटामागून मिनिट अडकून राहते. (वसई)

खरखर स्क्वेल्चने, म्हणजे ठरावीक जोरापेक्षा क्षीण काही आले तर स्पीकर गप्प ठेवणाऱ्या नियंत्रणाने, बंद होते. तो पूर्ण उघडा, खरखर येऊ द्या, मग हळूहळू वाढवा आणि ती थांबली तिथेच सोडा. आवाज नको म्हणून आणखी दोन-तीन पायऱ्या वर नेला की दूरचे, क्षीण बोलणे कापले जाते. तुमचे तेच झालेले दिसते. उलट तो उघडाच ठेवला तर स्पीकर अखंड वाजतो आणि बॅटरी निम्म्या वेळात बसते.

चॅनेल अडकते ते कोणाचे तरी बटण दाबले गेल्यामुळे. सेट गादीखाली, जाळ्याच्या ढिगात किंवा खिशात दाबला जातो आणि त्या बोटीचे इंजिन सगळ्या टापूला ऐकू येते. एफएममध्ये जोरकस लहर क्षीण लहरीला गिळते, म्हणून त्या वेळी दूरच्या बोटीचा मेडे कोणालाच ऐकू येणार नाही. बऱ्याच सेटमध्ये पाच मिनिटांनी प्रसारण आपोआप थांबते, पण पाच मिनिटे थोडी नाहीत. सेट ठेवताना पडद्यावर 'टीएक्स' (प्रसारण चालू असल्याची खूण) दिसत नाही ना, एवढे बघायची सवय लावा. आणि गप्पा १६ वर नकोत. हाक मारा, समोरचा बोलला की '७२ वर या' म्हणा आणि दोघेही तिकडे जा. मासळीचा भाव ७२ किंवा ७७ वर.

प्रश्न: ऑनलाइन दीड-दोन हजारांत १३६ ते १७४ मेगाहर्ट्झचा वॉकीटॉकी मिळतो. त्यात सागरी चॅनेल भरून घेतले तर? (पुण्यातील एक हौशी कयाकपटू)

घेऊ नका. पहिले कारण कायद्याचे. भारतात सागरी व्हीएचएफसाठी दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना लागतो आणि चालवणाऱ्याकडे प्रमाणपत्र असावे लागते. 'लायसन्स नको' अशी जाहिरात असलेले सेट ४४६ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात, त्यांच्यावरून चॅनेल १६ वर हाकच जात नाही. दुसरे कारण पाण्याचे. त्या स्वस्त सेटला एक मोठी लाट पुरते. तिसरे कारण बारीक आहे, पण घात करते. सागरी चॅनेल २५ किलोहर्ट्झ रुंद असतात. असा सेट १२.५ वर लावलेला राहिला तर तुमचा आवाज समोर इतका बारीक पोचतो की स्पीकरला कान लावावा लागेल. शिवाय अंधारात, थंड हातांनी, एका बटणात १६ वर आणणारी कळ त्याला नसते.

सागरी सेट निवडताना आयपीएक्स-७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे, हे किमान धरा. कयाकसाठी तरंगणाराच घ्या, आणि तरीही दोरीने लाइफजॅकेटला बांधा. तरंगणारा सेट वाऱ्याने तुमच्यापासून लांब जातो. होडीला नव्हे, अंगाला बांधा. परदेशातून आणलेला सेट असेल तर मेन्यूमध्ये 'यूएसए' ऐवजी 'इंटरनॅशनल' निवडा. काही चॅनेलच्या फ्रिक्वेन्सी दोन्हीकडे वेगळ्या आहेत, त्यामुळे १६ ठीक चालते आणि दुसऱ्या चॅनेलवर बंदर बोलत असूनही तुम्हाला शांतता ऐकू येते.

प्रश्न: सेटवर झाकणाखाली लाल बटण आहे. ते दाबले की काय होते? (वेंगुर्ला)

ते डीएससीचे, म्हणजे न बोलता आकडी संकेताने संकटाचा इशारा पाठवण्याच्या सोयीचे बटण. झाकण उघडून काही सेकंद दाबून धरले, की चॅनेल ७० वर तुमचा नऊ अंकी एमएमएसआय क्रमांक (सेटची किंवा नौकेची रेडिओवरची ओळख) आणि जीपीएसचे ठिकाण आपोआप जाते. भारतीय नौकांचा क्रमांक ४१९ ने सुरू होतो. सेटमध्ये क्रमांक भरलेला नसेल तर ते बटण निरुपयोगी. भरताना दोनदा तपासा, बहुतेक सेट तो पुन्हा बदलू देत नाहीत. ७० वर बोलायचे नसते. इशारा गेला की १६ वर येऊन वरचा मेडे बोला.

चुकून दाबले गेले तर सेट बंद करून गप्प बसू नका. सेटमधला रद्द करण्याचा पर्याय वापरा आणि १६ वर सर्वांना उद्देशून नाव, क्रमांक आणि वेळ सांगून इशारा रद्द करत असल्याचे कळवा. नाहीतर तटरक्षक दलाचे जहाज तुम्हाला शोधायला निघेल, आणि त्याच वेळी ज्याला खरी गरज आहे तो वाट पाहत राहील.

प्रश्न: पावसाळी बंदीत सेट दोन महिने पडून राहतो. नंतर बॅटरी टिकत नाही आणि चार्जिंगचे टोक हिरवे पडते. (श्रीवर्धन)

हिरवे पडते ते ओला सेट चार्जरवर ठेवल्यामुळे. खाऱ्या पाण्याच्या थेंबातून वीज वाहिली की धातू खाल्ला जातो. किनाऱ्यावर आल्यावर रबरी झाकणे बंद ठेवून सेट गोड्या पाण्याने धुवा, नळाची जोरदार धार मारू नका. पुसा, पूर्ण सुकू द्या, मगच चार्जर. ओला असताना बॅटरी काढू नका. काढाल तेव्हा मागच्या रबरी कडीवर वाळूचा कण नाही ना ते बोट फिरवून बघा. एका कणानेही पाणी आत जाते. ती कडी कडक झाली असेल तर आयपीएक्स-७ फक्त खोक्यावर उरले असे समजा. बुडी मारून आलेल्या सेटचा आवाज बसला असेल तर स्पीकर खाली करून झटका, बहुधा जाळीत अडकलेले पाणीच असते.

साठवताना लिथियम बॅटरी निम्मी भरलेली, सेटपासून वेगळी आणि थंड जागी ठेवा. पूर्ण भरून उष्ण केबिनमध्ये ठेवलेली लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी ठेवलेली कधी कधी चार्जच घेत नाही. नारळी पौर्णिमेआधी एकदा पूर्ण भरा, सेट १६ वर दिवसभर नुसता ऐकत ठेवा आणि किती तास टिकतो ते पाहा. ५ वॅटवर बोलताना तो साधारण दीड अँपिअर ओढतो आणि ऐकताना त्याच्या कितीतरी कमी. म्हणून बॅटरी किती तास टिकते याचा छापील आकडा ९० टक्के वेळ शांत, ५ टक्के ऐकणे आणि ५ टक्के बोलणे असा धरलेला असतो. लांबच्या फेरीला दुसरी भरलेली बॅटरी न्या आणि तिची टोके उघडी राहणार नाहीत अशा पिशवीत ठेवा.