'विंटरबोर्न'ला 'हिवाळी नाला' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यावरच्या इंग्रजी मजकुरात 'विंटरबोर्न' (तिथला एक प्रकारचा ओढा) आलंय, त्याला मराठीत 'हिवाळी नाला' चालेल का?

'नाला' नकोच. आपल्याकडे त्या शब्दाला आता सांडपाण्याचा वास येतो, आणि हे पाणी तळाचा गोटा न् गोटा दिसेल इतकं नितळ असतं. 'बोर्न' म्हणजे जुन्या इंग्रजीतला 'बुर्ना', ओढा. बोर्नमथ या शहराच्या नावातही तोच आहे. (सीमा या अर्थाचा 'बोर्न' वेगळा, तो फ्रेंचमधून आला.) तेव्हा 'ओढा' बरोबर.

अडचण 'हिवाळी'ची. आपले ओढे पावसाबरोबर फुगतात आणि पावसामागोमाग ओसरतात. विंटरबोर्न पावसावर नाही, भूजलावर चालतो. तिथली जमीन खडूच्या सच्छिद्र खडकाची. उन्हाळ्यात पाऊस पडला तरी बराचसा झाडंझुडपं आणि ऊनच पिऊन टाकतात. शरद ऋतूपासून पडणारं पाणी मात्र खडकात मुरत जातं, भूजलाची पातळी चढते, आणि ती ओढ्याच्या तळाला टेकली की जागोजाग उमाळे फुटतात. हे बहुधा ऐन हिवाळ्यात. मग वसंतभर ओढा वाहतो. उन्हाळा सरता सरता पात्रात गवत माजलेलं असतं.

म्हणून पहिल्या उल्लेखात 'विंटरबोर्न, म्हणजे हिवाळ्यात भूजल वर आलं की वाहणारा ओढा' असं लिहावं, पुढे नुसतं 'ओढा'. नुसत्या 'हंगामी ओढ्या'ने मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जुलैच येणार. विंटरबोर्न स्टिकलंड, विंटरबोर्न व्हाइटचर्च ही गावांची नावं, ती तशीच ठेवा.

आणखी दोन शब्द जपून वापरा. एक 'उगम'. आपल्याकडे उगम म्हणजे ठरलेली जागा: कुंड, गोमुख, देऊळ. इथे भूजल चढलं की वाहत्या पाण्याचं टोक दरीत वर सरकतं, उतरलं की खाली येतं. सुक्या वर्षी वरच्या गावातल्या पुलाखाली थेंबही नसतो. नळयोजनांसाठी बोअरमधून फार उपसा झाला तर हे टोक आणखी खाली जातं. तेव्हा 'अमुक गावाजवळ उगम पावतो' ऐवजी 'हिवाळ्यात अमुक गावापासून वाहू लागतो' म्हणा.

दुसरा 'पूर'. लोंढा, गढूळ पाणी, 'दुथडी भरून' हे इथे बसत नाही. भूजल वर आलं की पाणी तळघराच्या फरशीतून वर येतं आणि कित्येक आठवडे हटत नाही. तिथे 'जमिनीतून पाणी वर आलं' हेच सरळ लिहावं.