कोदायच्या ड्युओला हात घालताय?
व्हायोलिन-चेलोची जोडी जमली आणि थेट हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदायचा ड्युओ, म्हणजे या दोन वाद्यांसाठीची रचना, ओपस (रचना क्रमांक) ७ (१९१४) निवडलात, हौसेला दाद! पण वेग सध्या विसरा. शेवटचं प्रेस्टो (अतिजलद भाग) कुठे पळून जात नाही. आधी एवढंच:

- ओळ गाऊन बघा. हंगेरियन बोलण्यात आघात शब्दाच्या पहिल्या अक्षरावर येतो, त्यामुळे सुरुवात ठाशीव हवी. नवखे नेमके उलट करतात, शेवटाकडे जोर चढवत नेतात.
- बोलल्यासारख्या मोकळ्या जागी मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) बंद. नाचाच्या ठेक्याला मात्र तो हवाच.
- चेलो म्हणजे साथ नव्हे! मुख्य सूर तिकडे गेला की व्हायोलिनने खरंच आवाज उतरवायचा. बहुतेक जोड्या इथेच फसतात.

बोटांचे, गजाच्या (बो) दिशेचे बारकावे मधला अदाजिओ (संथ भाग) उभा राहिला की विचारा.