जुना प्ले-फाइव्ह घेण्याआधी

भावा, तुझ्याकडच्या सोनोस कंपनीच्या एरा-हंड्रेड स्पीकरच्या जोडीला त्यांचाच जुना प्ले-फाइव्ह स्पीकर राजारामपुरीत स्वस्तात मिळतोय म्हणून लगेच पैसे मोजू नकोस. आधी स्पीकरचा माथा बघ. आवाजाची खरीखुरी दाबायची बटणं असतील, तर तो पहिल्या पिढीचा प्ले-फाइव्ह. टच असेल तर दुसरा, तो चालेल.

2020 मध्ये सोनोसनं घर वाटून दिलं: जुन्या स्पीकरना चालवायला एस-वन ॲप, नव्यांना एस-टू. पहिला प्ले-फाइव्ह एस-वनच्या बाहेर येत नाही, तुझा एरा-हंड्रेड एस-टूशिवाय बोलत नाही. दोघं एकाच वायफायवर नांदतील, पण हॉलमध्ये आणि माडीवर एकच गाणं एकदम लावायचं म्हटलंस तर जमायचं नाही. काकांना दोन ॲप समजावत बसायची तयारी असेल तर घे बापडा!

सोनोसचाच प्ले-वन स्पीकर मात्र बिनधास्त घे. जुना असला तरी एस-टूवर येतो. फक्त एराबरोबर त्याची डावी-उजवी स्टिरिओ जोडी होत नाही. वेगळ्या खोलीत ठेव, ग्रुप करून वाजव.

आणि स्वस्तातला पहिला प्ले-फाइव्हच हवा असेल, तर माडीवर एकटा ठेव. मागं लाइन-इन, म्हणजे बाहेरचा आवाज वायरनं आत घ्यायची खाच आहे, टीव्हीचा हेडफोनचा आवाज त्यात घालता येतो.