गोव्यातून दिल्लीला नोकरीसाठी जातोय. तिथली धावपळ झेपेल का? कुठे राहावं, महिन्याला किती लागतील?

तुम्ही लिहिलंय की फोंड्यात वाढलात, दुपारी एक वाजता दुकानं बंद होतात अशा गावातून एकदम दिल्लीत जायचं म्हणजे पोटात गोळा येतोय. मीही फोंडा तालुक्यातलीच. बरीच वर्षं दिल्लीत काढली. उत्तर लिहायला बसले ते मुख्यतः यासाठी की हाच विषय आमच्या घरी दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, निघतो, फक्त उलट्या बाजूने: "दिल्लीला जाऊन तू अशी झालीस."

धावपळ झेपते हो. कोणालाही झेपते. राजीव चौकला मेट्रो बदलताना मागचे लोकच तुम्हाला पुढे नेतात, वेगळं काही शिकावं लागत नाही. आणि दिल्लीला वेग आहे हे मला कधीच पटलं नाही. आश्रम चौकात हॉर्न वाजवत खोळंबून बसणाऱ्या शहराला कसला आलाय वेग? झेपायला अवघड जातं ते दुसरंच. तिथे तोंड उघडावं लागतं, आणि ज्याच्याशी काम आहे त्याच्याच समोर उघडावं लागतं. आपल्याला त्याची सवय नाही.

मी राहायचे लाजपतनगरला, दुसऱ्या मजल्यावर. ही मूळची फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची वसाहत. लहान लहान प्लॉट, त्यावरची जुनी घरं पाडून आता चार-चार मजले चढवलेले. मजल्यागणिक मालक वेगळा, विजेचा मीटर वेगळा, गच्चीवरची काळी टाकी वेगळी आणि टाकीत पाणी चढवायची मोटरही वेगळी. हे नीट वाचा, कारण घर दाखवणारा दलाल तुम्हाला मॉड्युलर किचन दाखवेल, हे दाखवणार नाही. जल बोर्डाचं पाणी आमच्या गल्लीत पहाटे पाचच्या सुमारास यायचं, जेमतेम तासभर. तेवढ्यात उठून जिन्याखालचं आपलं बटण दाबायचं आणि वर टाकीत धार पडल्याचा आवाज येईपर्यंत जागं राहायचं. डोळा लागला तर दिवसभर नळातून फुसफुस. आपण ओपाच्या जलप्रकल्पाचं पाणी प्यालेली माणसं, त्यातून आमच्या मागच्या दारी विहीर. पाण्यासाठी गजर लावतात हेच मला तिथे कळलं.

बरं, गजर लावूनही टाकी भरेना. मोटर फिरायची, हात लावला तर तापलेली, पण पाइपला कान लावला तर आत पाण्याचा पत्ता नाही. कारण तळमजल्यावरच्या अंकलनी माझ्या मोटरच्या दुप्पट ताकदीची मोटर बसवून घेतली होती आणि ती पावणेपाचलाच सुरू व्हायची. लाइनीत येईल ते सगळं तीच ओढायची. त्यांची टाकी भरून वाहायची, गच्चीवर तळं साचायचं, आणि मी खालच्या डेअरीतून वीस लिटरचे जार वर आणायचे.

मग मी तेच केलं जे फोंड्यात कोणीही करेल. घरमालकिणीच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "देखते हैं बेटा." पहिल्या मजल्यावरच्या भाभीकडे सहज म्हणून विषय काढला, म्हणजे ती खाली बोलेल. अंकल जिन्यात भेटले की मात्र हसून नमस्ते. ज्याच्याशी काम त्याला सोडून बाकी सगळ्यांना सांगायचं, आणि ते फिरत फिरत त्याच्यापर्यंत गेलं की बघायचं काय होतं ते, ही आपली पद्धत. गावात ती चालते, कारण गावात सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात. दिल्लीत ते फिरत नाही. भाभी कशाला बोलेल? तिची टाकी भरत होती.

जानेवारीतली एक पहाट. बाहेर पाच-सहा डिग्री असेल, ऑफिसात ऑडिट, घरात आंघोळीला तांब्याभर पाणी नाही, आणि वर गच्चीवरून अंकलच्या टाकीचं पाणी पडल्याचा आवाज येतोय. शाल गुंडाळून खाली गेले आणि दार वाजवलं. माझी हिंदी तेव्हा दूरदर्शनच्या बातम्यांवर पोसलेली. तरी म्हटलं, "अंकल, आपकी टंकी बह रही है और मेरी में एक बूँद नहीं है, ये कैसे चलेगा?" ते म्हणाले, "तो मैं क्या करूँ? जल बोर्ड को बोलो." मी आवाज चढवला, त्यांनी चढवला. आंटी मफलर गुंडाळत बाहेर आली. तिने आधी मला झापलं आणि मग त्यांना. भाभी अर्ध्या जिन्यात येऊन उभी. चार घरांचे दिवे लागले. मला वाटलं, संपलं, आता सामान बांधायचं.

अंकल चपला घालून जिन्याखाली गेले, आपलं बटण बंद केलं, आणि म्हणाले, "चला लो अपनी. कल से साढ़े पाँच तक मेरी, उसके बाद आपकी." वर टाकीत धार पडल्याचा आवाज आला. त्याच आठवड्यात प्लंबर बोलावून त्यांनी माझ्या लाइनीला व्हॉल्व्ह बसवून घेतला, म्हणजे चढलेलं पाणी परत खाली उतरू नये. प्लंबरचे निम्मे पैसे माझ्याकडून घेतले, सुट्टे नव्हते तर उभ्या उभ्या पेटीएम करायला लावले. गाजर हलवा वगैरे काही आला नाही. दिल्लीवाले वरून कडक आणि आतून मऊ असतात ही थापही ऐकू नका. दुसऱ्या दिवशी जिन्यात "हाँ जी, पानी आया?" एवढंच विचारलं आणि पुढे गेले. राग नाही, अढी नाही, तो विषय पुन्हा कधी निघाला नाही.

आता आमच्या घरचं ऐका. तुम्ही विचारलेलं नाही, माहीत आहे.

आजोबांच्या नावावर घर आणि थोडं कुळागर, म्हणजे पोफळी-नारळाची बाग. गोव्यात पोर्तुगीज काळापासून एकच नागरी कायदा, तेव्हा मुलगा असो की मुलगी, वाटा सारखा, आणि लग्न झालेल्या वारसाच्या नवऱ्याची किंवा बायकोचीही सही लागते. म्हणजे आमच्याकडे काका, आत्या, त्यांची मुलं, सुना, जावई धरून एक अख्खी पंगत. सगळ्यांचं एकमत होऊन वाटणी करायची, नाहीतर कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांमधल्या वाटणीचं प्रकरण, घालायची. दोन्हींपैकी काही करायचं तर कोणीतरी आधी म्हणायला हवं की बाबांनो, वाटणी करूया. आणि जो म्हणेल तो वाईट. म्हणून कोणी म्हणत नाही. पावसाळ्यात कौलं सरकतात, मधल्या खोलीत बादल्या ठेवतात, दुरुस्ती कोण करणार हे ठरत नाही. चुलतभावाने विहिरीकडे जायच्या वाटेवर गेट बसवलं. त्याला कोणी एक अक्षर बोललं नाही. फक्त चवथीला दोन घरांमधली नेवऱ्यांची (करंज्यांची) देवाणघेवाण थांबली. माझी भाची तेव्हा प्राथमिक शाळेत होती, आता कॉलेजात जाते. गेट आहे तिथेच आहे.

एका चवथीला मी गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसून सगळ्यांच्या देखत म्हटलं, पाऊस सरला की इन्व्हेंटरी घालूया, वकिलाची फी मी भरते. जणू मी गणपतीसमोर शिवी दिली. काका पेपर वाचायला लागले. वहिनी ताटं उचलून आत गेली. दादा रात्री अंगणात म्हणाला, "हे दिल्लीचं दिल्लीत ठेव. इथे शांतपणे होतात गोष्टी." मी विचारलं, कुठली झाली ते सांग. तेव्हापासून तो वाद आहे तसाच आहे.

तर माझं म्हणणं असं. अनोळखी माणसाशी माझं भांडण पहाटे झालं आणि चहाच्या आत मिटलं. सख्ख्यांशी भांडण झालंच नाही, म्हणून मिटायचं नाव नाही. तरी उद्धट कोण, तर दिल्लीवाले. गोव्याच्या संथपणाचं कौतुक सुट्टीला येणाऱ्यांनी करावं. तिथे ज्यांचं काहीतरी अडकलेलं असतं त्यांना विचारा. दादा हे वाचणार नाही. वहिनी वाचते, तिने हवं तर त्याला सांगावं.

म्हणून तुम्हाला माझा पहिला सल्ला दलालाचा नाही, वकिलाचा आहे. वडिलोपार्जित कशात तुमचं नाव असेल तर जायच्या आधी घरच्यांसमोर विषय काढा आणि विश्वासातल्या माणसाच्या नावाने मुखत्यारपत्र करून ठेवा. नाहीतर एकेका सहीसाठी विमानाचं दाबोळीचं तिकीट काढावं लागेल, आणि ते तुम्हाला ऐनवेळी, रविवारी रात्री कळवलं जाईल.

आता राहायचं. आधी ऑफिस कुठे ते बघा आणि घर त्याच मेट्रो लाइनवर घ्या. गुडगाव असेल तर यलो लाइन, नोएडा असेल तर ब्लू लाइन, मयूर विहारची बाजू वाईट नाही. लाजपतनगरला व्हायोलेट आणि पिंक दोन्ही मिळतात, पण गर्दी आणि भाडं दोन्ही सोसावं लागतं. घर बघताना रंग आणि फरशी बघू नका. पाणी किती वाजता येतं, टाकी आणि मोटर आपल्या एकट्याची आहे का, आणि विजेला सब-मीटर आहे का, हे विचारा. दिल्लीत महिन्याला २०० युनिटपर्यंत सरकार बिल शून्य करतं, पण घरमालकाने सब-मीटर लावून युनिटला आठ-दहा रुपये सांगितले तर त्यातलं तुम्हाला काही मिळणार नाही. करार अकरा महिन्यांचाच असतो, पोलीस व्हेरिफिकेशन घरमालकाच्या मागे लागून करून घ्या.

"नॉन-वेज खाते हो?" असं विचारतीलच. खरं सांगा. खोटं बोलून घेतलेल्या घरात बांगडा तळता येत नाही. मासे चित्तरंजन पार्कच्या बाजारात, पण तिथे बंगाल्यांचे रोहू-कातला जास्त. समुद्राचं काही हवं तर आयएनए मार्केट. तिथल्या केरळी दुकानांत नारळ आणि जाड लाल तांदूळ मिळतो, आपल्या उकड्या तांदळाची भूक त्यावर भागते. सोलं आणि तिरफळं मात्र घरूनच न्या. मराठी मंडळी शोधत फिरायची घाई करू नका. आहेत, फेब्रुवारी २०२५ चं साहित्य संमेलनसुद्धा तिथल्या तालकटोरा स्टेडियमात झालं, पण पहिलं वर्ष हिंदी सुधारण्यात घाला. भांडायला उपयोगी पडते.

एक मात्र आहे. हे सगळं जिन्यातल्या भांडणाचं. रस्त्यावर गाडीला गाडी घासली तर काच खाली न करता निघून जा. तिथे माझं तत्त्वज्ञान चालत नाही, माणसं डिकीतून रॉड काढतात. आणि हवा. तुम्हाला किंवा बरोबर येणाऱ्या कोणाला दमा असेल तर मी वर लिहिलेलं सगळं विसरा आणि दुसरी नोकरी बघा. २०२४ च्या नोव्हेंबरात एक्यूआय (हवेच्या प्रदूषणाचा निर्देशांक) ४९० च्या पुढे गेला होता, शाळा ऑनलाइन कराव्या लागल्या. ऑक्टोबरच्या शेवटापासून घशात सतत काहीतरी अडकल्यासारखं वाटतं, ते सवयीने जात नाही. हेही खरं की मी एकटी होते, पगार वेळेवर होता, मागे म्हातारं माणूस नव्हतं. बहीण येणार असेल तर तिला सांगा, मेट्रोचा पहिला डबा बायकांचा, पण शेवटच्या मेट्रोनंतर स्टेशनपासून घरापर्यंतचा रस्ता आधी दिवसा चालून बघावा.

स्कूटर नेऊ नका. जीए नंबर बघून पोलीस थांबवतात, वर्षाच्या वर राहिलात तर दिल्लीची नोंदणी करावी लागते, आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोलच्या जुन्या स्कूटरवर तिथे कारवाई होऊ शकते.

खर्च: खोली वाटून घेतलीत तर भाडं बारा-पंधरा हजार, एकट्याचं वन बीएचके दक्षिण दिल्लीत पंचवीसच्या खाली विसरा, त्यावर दलालाचं पंधरा दिवसांपासून महिन्याभरापर्यंतचं भाडं. जेवणखाणाला गोव्यापेक्षा कमीच लागेल, मासे सोडले तर. गरम कपडे तिथेच घ्या, आपल्याकडे मिळणारी स्वेटरं डिसेंबरात कुचकामी. आणि रेल्वेचं आरक्षण आता साठच दिवस आधी सुटतं, तेव्हा चवथीला यायचं असेल तर तारीख मोजून सकाळी आठच्या आधी मोबाइल हातात घेऊन बसा. निजामुद्दीनहून गोवा एक्सप्रेस.